लसूण, हळद आणि एक कॅप्सूल: कोंबडीच्या ‘रामबाण’ मेसेजला उत्तर

हवा पालटली की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: गावठी कोंबडीला मुळात रोग होत नाही, लस ही पोल्ट्रीवाल्यांची गरज. तरीही कोंबडी गळपटली, मान टाकली, हिरवं हगली, तर लसूण, हळद आणि टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल चुन्याच्या निवळीत कालवून चोचीत ओतायची. अंग गरम लागलं तर तापाची अर्धी गोळी. गळ्याखालची पिशवी फुगली असेल तर कोंबडी उलटी धरून पिळायची. देवीचे फोड खरवडून हळद भरायची. दोन दिवसांत कोंबडी टुणटुणीत. नाहीच झाली, तर मरायच्या आत कापून खायची, म्हणजे नुकसान नाही. शेवटी ‘जास्तीत जास्त पशुपालकांपर्यंत पोहोचवा’ हे आलंच.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण या मेसेजमध्ये कोंबडीला नेमकं झालंय काय, हा प्रश्नच कुठे नाही. औषध आधी आणि रोग नंतर, अशी सगळी उलटी गंगा.

‘गावठीला रोग होत नाही’

गावठी कोंबडी काटक असते, ऊन सोसते, उकिरड्यावर पोट भरते, घारीची सावली दिसताच पिल्लं पंखाखाली घेते. एवढं सगळं कबूल. पण राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, काटकपणाला भीक घालत नाही. हा रोग 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला नोंदवला गेला, आणि पुढच्याच वर्षी कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला. त्या काळी आपल्याकडे ब्रॉयलरचे शेड नव्हते. ज्या मेल्या त्या लोकांच्या दारातल्याच कोंबड्या होत्या. लस न टोचलेल्या वस्तीत हा रोग शिरला की दहातल्या आठ-नऊ कोंबड्या सहज जातात; कधी एकही उरत नाही.

मग ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ असं लोक का म्हणतात? साथीतून ज्या वाचतात त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांना ती काही आठवडे पुरते, मग ओसरते. वर्ष-दोन वर्षं शांततेत जातात, नवी पिढी वाढते, आणि कुणीतरी आठवडी बाजारातून किंवा जत्रेहून एक कोंबडा घेऊन येतो. अंगात विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. त्यामुळे बाजारात धट्टाकट्टा दिसलेला कोंबडा घरी आल्यावर आठवडाभराने वस्ती साफ करतो, आणि बोल मात्र हवेला लागतो. नवा पक्षी आणला की निदान दोन आठवडे तो वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावा.

लसीची खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल मेसेज गप्प आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बी लस कातडीखाली. ही दुसरी लसही कुमाऊंतच, मुक्तेश्वरच्या संस्थेत 1940च्या दशकात तयार झाली. पण कुपी येते शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, आणि घरात कोंबड्या आठ. शिवाय ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्याने काही होत नाही. आळीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा, कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि पहाटे, कोंबड्या सोडायच्या आत, घरोघर फिरून काम उरकायचं. पाण्यातून लस देणार असाल तर नळाचं किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी नको, क्लोरीनने जिवंत लस मरते. लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं असावं. आजारी पक्ष्याला मात्र लस टोचू नये. साथ आल्यावर धावत जाऊन टोचून घेणारे पुष्कळ असतात. ज्या पक्ष्याच्या अंगात रोग शिरलाय त्याला तिचा काही उपयोग नसतो.

‘लसूण, हळद, टेट्रासायक्लिन’

मानमोडी विषाणूचा रोग आहे. टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. इथेच खरं तर हा मुद्दा संपतो. पण मेसेजवर लोकांचा विश्वास बसतो तो अनुभवामुळे, ‘आमची झाली की बरी’, म्हणून जरा खोलात जाऊ.

कोंबडी मान टाकून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते ती डझनभर कारणांनी. आजार लपवणं हा तिचा स्वभाव; आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शिवाय काही वेळा ती आजारीच नसते. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली कोंबडी बघा: फुगून बसते, खात नाही, हात लावला की टोचते, दिवसातून एखाद्या वेळी उठून भलामोठा घाण वासाचा गोळा टाकते. तिला कॅप्सूल पाजली तरी ती तीन आठवड्यांनी ‘बरी’ होणारच. पिसं झडायच्या काळात तुरा फिका पडतो, अंडी थांबतात. तेही आपोआप सावरतं.

म्हणून हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. ते सुरीसारखं लागलं तर कोंबडी कालपासून नाही, कित्येक आठवड्यांपासून खंगतेय: जंत असतील किंवा गोचीड. तुरा आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी असेल तर रक्त कुठेतरी जातंय. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी तपासा. लाल पिसवा आणि कोंबडीवरची गोचीड दिवसा फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात; सकाळी कोंबडीच्या अंगावर शोधून सापडत नाहीत, म्हणून लोक फसतात. त्यावर औषध कोंबडीला कमी आणि खुराड्याला जास्त लागतं: फटी बुजवणं आणि आतून दाट चुना मारणं. चुन्याची जागा ती, चोच नव्हे.

विष्ठा बघताना घाई नको. चांगल्या विष्ठेवर पांढरी टोपी असते. दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची विष्ठा पडते, तीही नेहमीचीच. हिरवी विष्ठा नुसत्या उपासानेही होते, कारण पोटात अन्न नसताना पित्तच बाहेर पडतं. मात्र हिरवट पांढरी पाण्यासारखी हगवण, मान ताणून तोंड उघडून श्वास, मान पिळवटणं, पाय-पंख लुळे पडणं, मऊ किंवा वेड्यावाकड्या कवचाची अंडी आणि दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ एक मरणं, हे सगळं जुळून आलं तर मानमोडीच धरून चाला. एकच तरुण तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर तो बहुधा मॅरेक्स, हाही विषाणूचाच रोग. त्यावर औषध नाही. त्याची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच टोचतात, म्हणून वनराज-गिरिराजसारख्या सुधारित जातींची पिल्लं घेताना ती टोचलीय का हे विचारून घ्यावं.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं रक्त हगायला लागली तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया. हा जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही, आतड्यात वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. इथे अँप्रोलियम पाण्यातून देतात, आणि ते वेळेवर दिलं तर पिल्लं खरंच वाचतात. पण हे औषध त्या जीवाचं बी-वन जीवनसत्त्व तोडून काम करतं. म्हणून त्याच दिवसांत ‘ताकदीसाठी’ बी-कॉम्प्लेक्स पाजलं की औषधाचा जोर आपणच घालवतो. खालचा भुसा ओला राहिला तर आठ दिवसांनी रोग परत.

आता कॅप्सूल आणि चुन्याची निवळी. टेट्रासायक्लिनला कॅल्शियम चिकटतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणजे जिथे खरोखर जिवाणूचा आजार असेल, तिथेही मेसेजवाल्याने औषध पाजतानाच निकामी केलं. त्यातून जे काही शोषलं जातं, ते पुढचे काही दिवस अंड्यात उतरतं आणि ते अंडं आपलंच लेकरू खातं. अँटिबायोटिक द्यायचं की नाही, कोणतं, किती दिवस आणि नंतर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवायचं. लसूण-हळदीबद्दल एवढंच: खाद्यात थोडी मिसळली तर बिघडत नाही, पण त्यांनी मानमोडी हटत नाही.

आणि ते ‘ओतायचं’. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. चमच्याने घशात ओतलेला काढा सरळ फुप्फुसात जाऊ शकतो, आणि रोगाने न मेलेली कोंबडी औषधाने मरते. पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, ती स्वतः गिळेल तसा.

‘अंग गरम, म्हणजे ताप’

कोंबडीचं नेहमीचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 106 फॅरनहाइट. आपल्या हाताला प्रत्येक निरोगी कोंबडी तापलेलीच लागणार. गोळीची गरज नाही. उलट आजारी कोंबडी गार पडत जाते, तिला ऊब लागते: खोक्याच्या एका बाजूला पिवळा बल्ब, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. एप्रिल-मे मध्ये पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर मात्र ते ऊन लागणं आहे. तिथे सावली, गार पाणी आणि ओलं पोतं.

‘उलटी धरून पिळा’

गळ्याखालची पिशवी संध्याकाळी भरलेली असणं हे चांगलंच लक्षण. बघायची ती सकाळी, दाणे टाकायच्या आधी. तेव्हाही ती दगडासारखी घट्ट असेल तर आत लांब गवत, सुतळी, कधी प्लास्टिक अडकलेलं असतं. लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय. दोन्हीत उलटी धरून पिळलं की वर आलेलं पाणी श्वासनळीत जातं. घट्ट पिशवीला थोडं तेल पाजून हलक्या हाताने चोळता येतं, एक दिवस दाणे बंद ठेवून पाणी द्यायचं. दुसऱ्या सकाळीही तशीच राहिली तर दवाखाना. मेसेजमध्ये नसलेलं, पण याच घाईत चुकणारं आणखी एक: शेपूट पाडून, कुंथत उभी राहणाऱ्या कोंबडीचं अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवावी, मागे खोबरेल तेल लावावं. आतलं अंडं बोटाने फोडू नये.

देवीचे फोड खरवडले की रक्त येतं आणि खपल्यांतून विषाणू पसरतो. देवी मुख्यतः डासांनी येते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने पुसून ठेवले तर कातडीवरचे फोड तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात. तोंडात पिवळट थर धरला असेल तर ते गंभीर.

‘मरायच्या आत कापून खा’

सगळ्यात धोक्याचा सल्ला हा. देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात. 2025च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले ते त्यानेच, आणि त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात वाघ गेले तेही. झपाट्याने मरणाऱ्या कोंबड्यांकडे बघून मानमोडी की बर्ड फ्लू हे अंगणात उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत, शेवटी भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत जातो, तेव्हा ते कळतं.

‘शिजवलं की सगळं मरतं’ हे खरं आहे. 70 अंशांवर आतपर्यंत शिजलं की विषाणू उरत नाही. बाजारातल्या निरोगी चिकनबद्दल घाबरण्यासारखं काही नाही, आणि अफवांनी कोंबडीवाल्यांचं किती नुकसान होतं ते 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिलंय. पण धोका ताटात नसतो, तो कापण्या-सोलण्यात असतो. रक्त उडतं, पिसं उपसताना धूळ नाकात जाते, आतडी उकिरड्यावर पडतात आणि तिथे शेजाऱ्याच्या कोंबड्या, कुत्री, कावळे येतात. अनेकदा हे काम घरातली बाई करते आणि लहान मूल शेजारी बसून बघत असतं. आजारी कोंबडी शेजारच्या गावात स्वस्तात विकणं हे तर त्याहून वाईट.

करायचं ते असं. गळपटलेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी, शक्य तितकी लांब. दाणा-पाणी आधी निरोगी कोंबड्यांचं, मग तिचं. नंतर हात साबणाने, चपला बाहेर. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, शेजारी साधं पाणीही. मऊ भात, भिजवलेल्या कण्या. दोन-तीन एकदम मेल्या, किंवा डोकं सुजलं, तुरा निळा पडला, तर एकही कापू नका, विकू नका, कुणाला देऊ नका. 1962 वर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोंबडी मेली असेल तर उघड्या हाताने उचलू नका; दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, कारण गोठलेल्या शरीरातून तपासणी नीट होत नाही. न्यायची असेल तर आधी विचारून न्या. बाकीच्या मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील ते हेच: वय काय, लस कधी, नवा पक्षी कधी आणला, पहिली कधी मेली, खाद्य काय, आणि तोपर्यंत काय काय पाजलंत.