गौताळ्याचे रान औट्रमने लावलेले नाही

मराठवाडा आणि खानदेशाच्या सीमेवरच्या कन्नड घाटाजवळचे गौताळ्याचे जंगल मूळचे नाही, तिथे पूर्वी उजाड माळ होता, औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पहिल्यांदा वाट काढली, झाडे लावली आणि म्हणून तिथल्या ‘गौताळा औट्रमघाट’ अभयारण्याला त्याचे नाव मिळाले, असा मजकूर पावसाळा लागला की धबधब्यांच्या छायाचित्रांसोबत मोबाइलवरून फिरू लागतो. ‘मराठवाड्यात जंगल कधी नव्हतेच’ असा शेराही शेवटी मारलेला असतो. या सगळ्यात खरे आहे ते एवढेच की, कन्नड घाटाचे ‘औट्रमघाट’ हे नाव जेम्स औट्रम याच्यावरून पडले आहे.

लागवडीचा दावा सालांच्या हिशेबातच टिकत नाही. औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली ती १८२५ मध्ये आणि १८३५ मध्ये तो गुजरातेतल्या महीकांठ्यात गेला. इंग्रजांचे देशव्यापी वनखाते स्थापन झाले १८६४ मध्ये, म्हणजे औट्रम वारल्याच्या दुसऱ्या वर्षी. मुळात त्याला इकडे धाडले होते ते सातमाळा (गौताळा याच रांगेत येते) आणि सातपुड्याच्या रानांचा आसरा घेऊन इंग्रजी अंमलाला न जुमानणाऱ्या भिल्लांना आवरण्यासाठी, झाडे लावण्यासाठी नव्हे. आणि उजाड माळावर लपणार तरी कोण? ज्या माणसाच्या नावावर हे रान खपवले जाते, त्याची नेमणूकच रान आधीपासून असल्याची साक्ष देते.

कागद बाजूला ठेवले तरी उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावर जाऊन सालईचे एखादे झाड जवळून पाहावे. उघड्या कातळाच्या भेगेत, जिथे कुदळ मारायला वीतभर माती नसते तिथे ते उभे असते आणि त्याच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे वाऱ्यावर हलत असतात. अशा जागी खड्डे घेऊन रोपे कोणी लावत नाही. सोबतीला धावडा, खैर, अंजन आणि पळस असे मिसळलेले असतात की त्यांत कुठे ओळ सापडत नाही. शुष्क पानझडी रान आपोआप वाढते ते असेच.

वाट औट्रमने काढली, हे म्हणणे तर पितळखोऱ्याच्या लेण्यांसमोर क्षणभरही उभे राहत नाही. याच सातमाळा रांगेतली ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली आणि तिथल्या खांबांवर दान देणाऱ्या पैठणकरांचे लेख आहेत. त्यांपैकी एक गांधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला, मितदेव. पैठणचा व्यापारी खानदेशाच्या तोंडावर खांब दान करतो, त्याअर्थी माणसांची आणि मालाची ये-जा इथून आधीच चालू होती. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेले ‘पेट्रिगाला’ हे नाव काही अभ्यासक पितळखोऱ्याशी जोडतात. तेव्हा साहेबाच्या नावावर फार तर सडकेचे श्रेय मांडावे, वाटेचे नाही.

मराठवाड्यात जंगलच नव्हते, असे म्हणणाऱ्याने किनवट-माहूरकडचे सागवान पाहिलेले नसावे. कन्नड तालुक्यातल्या हिवरखेडा, करंजखेड या नावांत हिवर आणि करंज ही झाडे आहेत. पण हा पुरावा मी ताणणार नाही, कारण गावाच्या नावात झाड आले म्हणून भोवती घनदाट रान होते असे सिद्ध होत नाही, आणि हिवर तर मोकळ्या माळावरही येतो.

राहिले ‘गौताळा’. गौतम ऋषींनी इथे तप केले म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दुसरी उपपत्ती गवताच्या तळ्याची आहे आणि माझा कौल तिला आहे. अभयारण्यात त्या नावाचा तलाव आहे आणि ‘गवत’ बोलीत सहज ‘गौत’ होते. १९८६ मध्ये सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर करताना सरकारने हे नाव नव्याने घडवले नाही. तळ्याचे जुने नाव आणि घाटाचे साहेबी नाव जोडून ‘गौताळा औट्रमघाट’ एवढेच केले.