‘माहिती मोबाइलवर आहे, मुलांना फक्त विचार करायला शिकवा’: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

पालकांच्या गटांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: माहिती आता मोबाइलवर क्षणात मिळते, ती मुलांच्या डोक्यात भरू नका. त्याऐवजी चिकित्सक विचार शिकवा. आठवड्याला एक तास कोडी आणि बुद्धिबळ ठेवा, वादविवाद घ्या, कशावरही विश्वास ठेवू नका असं सांगा. आणि हे कौशल्य गुणांत मोजता येत नाही, म्हणून मोजूही नका.

न समजता केलेली घोकंपट्टी कुचकामी, एवढं मान्य. बाकीचं एकेक तपासू.

‘माहिती हाताशी आहे, मग डोक्यात कशाला?’

एक जाहिरात घ्या: ‘आमचं औषध घेतलेल्या १०० पैकी ९० जणांची सर्दी दहा दिवसांत बरी झाली.’ साधी सर्दी बहुतेकांची सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते, हे ज्या मुलीला ठाऊक आहे ती लगेच विचारते, ‘औषध न घेतलेल्यांचं काय झालं?’ ज्याला ते ठाऊक नाही, त्याला ९० हा आकडा भारीच वाटणार. मोबाइलवर शोधता आलं असतं, खरं. पण काय शोधायचं हे सुचायलाच आधीचं ज्ञान लागतं. शिवाय मनात एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी धरून ठेवता येतात. संज्ञा, एककं, आकडे असं सगळंच नवं असेल तर ते सांभाळतानाच दमछाक होते आणि दावा तपासायचा राहून जातो.

म्हणून आधी प्रकरण नीट शिकवायचं आणि मग त्याच प्रकरणावरचा एखादा संशयास्पद दावा वर्गापुढे ठेवायचा.

‘कोडी-बुद्धिबळाने बुद्धी धारदार होते, मग ती कुठेही चालते’

मजकुरातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कच्चा मुद्दा हाच. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं कोडं मराठी अक्षरांत असं होईल: चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसताहेत अ, क, ४, ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या हवी. नियम मोडलाय का हे पाहायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण चुकतात, अनेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी हेच कोडं वेगळ्या वेषात दिलं. नियम: बिअर पिणाऱ्याचं वय १९ पेक्षा जास्त हवं. पत्ते: बिअर, कोक, २२, १६. आता सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बिअर आणि १६ हे अचूक निवडलं. तर्क तोच होता, फक्त विषय ओळखीचा झाला. बुद्धिबळाचंही तसंच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांच्या १९७३ च्या प्रयोगात निष्णात खेळाडूला खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंदांत नवख्यापेक्षा कितीतरी जास्त आठवली. सोंगट्या वाटेल तशा मांडल्यावर हा वरचढपणा जवळजवळ संपला. बुद्धिबळाने बुद्धिबळ सुधारतं. तेही छानच आहे, पण त्यातून बातमी तपासता येत नाही.

मग करायचं काय? एकाच सांगाड्याची दोन उदाहरणं शेजारी शेजारी द्या. पहिलं: ज्या आगींवर जास्त बंब गेले तिथे नुकसानही जास्त, म्हणून बंबांमुळे नुकसान होतं. दुसरं: शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण कमी, म्हणून शिकवणीने गुण घटतात. ‘दोन्हींत काय सारखं आहे?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहून घ्या. अपेक्षित उत्तर असं की तिसरंच कारण दोन्ही गोष्टी घडवतंय: तिथे आगीचा आकार, इथे मूल आधीपासून मागे असणं. दोन आठवड्यांनी विज्ञानाच्या तासाला तिसरं उदाहरण द्या, काहीही न सुचवता. एकच उदाहरण दिलं तर मुलांच्या लक्षात फक्त बंब राहतात.

‘मुलांना बोलू द्या, वादविवाद घ्या’

बोलू द्याच, पण आधी थांबा. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात ‘एक, दोन, तीन’ मोजा. बरोबर उत्तर आलं की चेहरा खुलू देऊ नका, नाहीतर मुलं पुराव्याऐवजी तुमचा चेहरा वाचतात.

वादविवादात बाजू ठरवून दिली की मूल वकिली शिकतं. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदला आणि शेवटची चार मिनिटं लेखनाला ठेवा: ‘कोणता पुरावा मिळाला तर माझं मत बदलेल?’ ही ओळ कोरी राहिली तर चर्चा रंगूनही हाती काही लागलेलं नसतं.

‘कशावरही विश्वास ठेवू नका’

सरसकट संशयात कष्ट नसतात, म्हणून तो मुलांना आवडतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. पहिल्या दोन गटांतले अनेक जण त्याच पानावर रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, नाव पाहून फसले. तपासनीस काही क्षणांतच पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि ही संस्था कोणाची, पैसा कोणाचा, इतर तिच्याबद्दल काय म्हणतात हे पाहिलं. शिकवायचं ते हे. ‘पान नीट वाचा’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

‘हे गुणांत मोजता येत नाही’

येतं. ‘तुमचे मत लिहा’ असा प्रश्न मात्र नको, त्यावर पाठ केलेला निबंध येतो. एक दावा आणि त्याखाली तीन पुरावे द्या: दाव्याला सर्वाधिक कमकुवत करणारा कोणता आणि का? चार गुण: निवडीला एक, कारणाला दोन, आणखी कोणती माहिती हवी याला एक. कारण लिहिलं नसेल तर निवडीचाही गुण देऊ नका. तीनांतला एक अंदाजानेही लागतोच.