त्या ७ मुलींचं काय झालं?

मागच्या आठवड्यात धायरीच्या माझ्या दवाखान्यात एक ताई आल्या. सोबत सातवीतली मुलगी, शाळेच्या गणवेशातच. खुर्चीत बसायच्या आधी ताईंनी मोबाईल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मॅडम, आधी हे वाचा. मग लसीचं बोलू."

मेसेज ओळखीचा होता. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, तिन्हीकडून त्यांना तोच आला होता. म्हणणं थोडक्यात असं: पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस (हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची) मुलींना देऊ नका. आंध्रात ती घेऊन ७ मुली मेल्या आणि सरकारने प्रकरण दाबलं. जपानने तिच्यावर बंदी घातली. लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. चांगल्या घरातल्या मुलींना तिची गरजच नाही. आणि हा सगळा आपल्या पुण्यातल्याच कंपनीचा धंदा आहे. खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'.

'असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका' एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावलं नाही, त्याला एक कारण आहे. मागे एका शाळेत याच लसीसाठी पालकसभा होती. एका आईने उभं राहून आंध्रचं विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "त्या अफवा आहेत, मनात शंका आणू नका." बाई गप्प खाली बसली. सभा संपल्यावर तिच्या रांगेतल्या चौघींनी संमतीपत्रं घडी घालून पर्समध्ये टाकली आणि निघून गेल्या. तिचा प्रश्न अफवा नव्हता. तो खरा होता आणि त्याला उत्तरही होतं. ते कुणी दिलं नाही.

म्हणून आधी त्या ७ मुली.

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे एका प्रकल्पात सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्यात आली. त्यांतल्या ७ जणी पुढे दगावल्या, हे खरं आहे. एक पाणी साचलेल्या खाणीत बुडाली. एकीला साप चावला. दोघींनी कीटकनाशक घेतलं. एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचं कारण पक्कं ठरलं नाही. एकीला निदान न झालेला ताप होता, दुसरीला मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. सरकारने नेमलेल्या चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही.

पण मेसेजमधल्या रागाला जागा आहे, आणि ती वेगळीच आहे. यातल्या कितीतरी मुली आदिवासी भागातल्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. अनेक संमतीपत्रांवर आई-बापांच्या ऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. पोरीला काय टोचताहेत हे घरी कुणाला धड माहीत नव्हतं. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या कारभारावर कडक शब्दांत अहवाल दिला. तो सगळ्यांना वाचायला खुला आहे, त्यामुळे 'दाबलं' हे खरं नाही. माझं मत विचाराल तर पालकांना न विचारता मुलींना सुई टोचणं हा अक्षम्य अपराध होता. तो अपराध माणसांचा होता, कुपीतल्या औषधाचा नव्हता. हे दोन्ही आईला सांगायला हवं. अर्धंच सांगितलं तर उरलेलं अर्धं तिला मोबाईल सांगतो.

जपानचं पटकन सांगते. बंदी कधीच नव्हती. जून २०१३ मध्ये, लसीनंतर अंगदुखी आणि झटक्यांच्या तक्रारी गाजल्यावर, तिथल्या सरकारने स्वतःहून आग्रह करणं थांबवलं. लस मिळतच होती, पण आग्रह थांबला तशा मुली यायच्या थांबल्या. सुमारे ७० टक्क्यांवरचं लसीकरण १ टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहराने जवळपास ३० हजार तरुणींकडून अशा २४ लक्षणांची माहिती गोळा केली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत ती लक्षणं सारखीच निघाली. एप्रिल २०२२ पासून सरकारने पुन्हा आग्रह सुरू केला आणि मधल्या वर्षांत राहून गेलेल्यांनाही संधी दिली. मेसेज लिहिणारा २०१३ वरच थांबलाय.

मूल होत नाही, हे पोलिओच्या थेंबांबद्दलही म्हणायचे. एचपीव्हीच्या लसीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या कवचाचं एक प्रथिन तेवढं असतं, आत जनुकीय भाग काहीच नाही. त्या रिकाम्या कवचावरून शरीर शत्रू ओळखायला शिकतं. ही लस २००६ पासून जगात आहे. तेव्हा घेतलेल्या मुली आज आया आहेत. मूल होण्याची वाट खरंच कशाने बंद होते, तर कॅन्सरने. पिशवी काढावी लागते, नाहीतर किरणांचे शेक द्यावे लागतात आणि अंडाशयं निकामी होतात. त्रास काहीच होत नाही, असंही मी म्हणणार नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. या वयाच्या मुली सुईच्या भीतीने चक्कर येऊनही पडतात. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो.

आता 'चांगल्या घरातल्या मुली'. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

माझ्याकडे डबे करून देणाऱ्या एक मावशी यायच्या. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलेलं. सहा महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तपासणीत आम्ही पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून मिनिटभर थांबतो. बिघडलेला भाग पांढरा पडतो. मावशींच्या बाबतीत थांबावं लागलं नाही. गाठ समोर दिसत होती. निदान ऐकल्यावर त्यांनी मला आजाराचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, मी तशी बाई नाही हो."

हा विषाणू इतका पसरलेला आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. काहींच्यात टिकतो आणि १५-२० वर्षांनी कॅन्सर होतो. लागायला आयुष्यात एकच जोडीदार पुरतो, तो नवराही असू शकतो. यात चारित्र्य कुठे आलं? हिपॅटायटिस बी सुद्धा रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. त्याची लस आपण बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत देतो आणि कुणी बाळाच्या संस्कारांची चौकशी करत नाही. ही लस ९ ते १४ व्या वर्षी देतात, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो आणि त्या वयात शरीर प्रतिसादही जास्त चांगला देतं. स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. १७ व्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्या देशात दरवर्षी त्याने ७५ हजारांहून अधिक बायका जातात. त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या चांगल्या घरातल्याच असतात.

राहिला धंदा. पुण्यातल्या त्या कंपनीची, म्हणजे सीरमची, लस २०२३ पासून बाजारात आहे आणि कंपनी ती विकते, हे उघड आहे. पण २०१० मध्ये तो प्रकल्प थांबला तेव्हा देशात चाललेला आणखी एक अभ्यासही अडकला. त्यात १७ हजारांहून अधिक मुली होत्या. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रं. लसीकरण मध्येच थांबल्यामुळे अनेकींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचं निघालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यात या आकड्यांचा हात होता. विक्री वाढवणाऱ्याला एक डोस पुरतो हे सिद्ध करून काय मिळतं? या माहितीमागे आपल्या पुण्या-बार्शीच्या मुली आहेत, हे मी प्रत्येक आईला आवर्जून सांगते.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण मला विचारतात: लस घेतली की तपासणी नको ना? हवी. लस सगळ्या प्रकारांच्या एचपीव्हीला अडवत नाही. आणि मुलीला घेऊन येणाऱ्या आईची स्वतःची तपासणी बहुतेकदा झालेलीच नसते.

धायरीच्या त्या ताईंनी सात मुलींचं माझं उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि तिथेच बसून शाळेच्या ग्रुपवर टाकलं. लस त्या दिवशी दिली नाही. मुलीची चाचणी परीक्षा होती, ती झाल्यावर येतो म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी मला ग्रुपवरचा पहिला प्रश्न पाठवला. एका मुलीच्या बाबांचा होता: "हा विषाणू पुरुषांनाही होतो, तर मुलग्यांना लस देतात का?" मी लिहिलं, देतात, ऑस्ट्रेलियात २०१३ पासून शाळेतच देतात. उद्या दुपारी दवाखान्यात या, बसून बोलू.