नऊ व्होल्टची बुद्धी

अभ्यास, झोप आणि सराव यांनी बुद्धी तल्लख करण्याचा मार्ग फारच लांबचा आहे, असे वाटून तुम्ही थेट डोक्यालाच वीज लावण्याचा निश्चय केला असेल, तर तुमच्या हितासाठी चार सूचना कराव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. साहित्य थोडकेच लागते. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, ते डोक्याला घट्ट बसवणारा रबरी पट्टा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह देणारे यंत्र. खारे पाणी भुवईवरून डोळ्यात ओघळले, तर ते विज्ञानासाठी गाळलेले अश्रू समजावेत. बटण दाबताच स्पंजाखाली मुंग्या येतील आणि कदाचित नजरेपुढे काजवेही चमकतील. हे काजवे मेंदूत नव्हे, तर बहुधा डोळ्याच्या पडद्यावर चमकतात, असे जाणकार सांगतात. तुम्ही मात्र डोक्यात प्रकाश पडला, असेच समजावे.

कोणी पुरावा मागितला, तर २००० साली जर्मनीत नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी केलेल्या प्रयोगाचा दाखला द्यावा. क्षीण प्रवाहाने मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागाची उत्तेजनक्षमता काही मिनिटे बदलते, हे त्यांनी हाताच्या स्नायूच्या प्रतिसादावरून दाखवले. हाताच्या स्नायूपासून गणितातल्या प्रावीण्यापर्यंतचे अंतर तुम्ही श्रद्धेच्या बळावर कापावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांचा विषय मात्र टाळावा. त्यांत मृतदेहांच्या डोक्यांवरून प्रवाह सोडला, तेव्हा सुमारे ७५ टक्के प्रवाह त्वचा, मांस आणि कवटी यांतच अडल्याचे दिसले. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल.

खरी अडचण नकली प्रवाहाची आहे. चांगल्या प्रयोगात तुलनेसाठी निम्म्या लोकांना पहिले काही सेकंदच वीज देतात. मुंग्या येतात, मग यंत्र गुपचूप बंद होते आणि तो भला माणूस आपला मेंदू तापतो आहे अशा समजुतीने वीस मिनिटे बसून राहतो. नंतर त्याचेही गुण वाढलेले निघू शकतात, कारण तीच चाचणी तो दुसऱ्यांदा देत असतो. म्हणून घरच्या प्रयोगात नकली प्रवाहाची भानगड ठेवूच नये. स्मरण, एकाग्रता, आकडेमोड अशा वीसेक चाचण्या द्याव्यात. निव्वळ योगायोगानेही एखादी सुधारलेली निघेलच. वहीचे तेवढे पान ठेवावे, उरलेली फाडावीत. ही युक्ती केवळ हौशी लोकांनाच सुचते, असे समजण्याचे कारण नाही.

हॉर्वाथ या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली डोक्याला एकाच बैठकीत वीज देण्याच्या प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले, तेव्हा निरोगी प्रौढांच्या आकलनावर भरवशाचा परिणाम त्यांना सापडला नाही. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप पाठ करावेत, मूळ निबंध वाचू नये. २०२२ सालचा एक अभ्यास मात्र खुशाल मिरवावा. त्यात ६५ ते ८८ वर्षांच्या माणसांना चार दिवस रोज वीस मिनिटे प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणारा, प्रवाह दिल्यावर शब्दांच्या याद्या आठवण्यात झालेली सुधारणा महिनाभर टिकली. तिथे स्मरणाच्या एका प्रकारासाठी मेंदूची एक जागा आणि ४ हर्ट्झ, दुसऱ्यासाठी दुसरी जागा आणि ६० हर्ट्झ असे काटेकोर गणित होते, आणि वारंवारतांची अदलाबदल केली की लाभ दिसेना. एवढ्या तपशिलात तुम्ही शिरू नये. पट्टा जिथे बसेल तिथे बसवावा.

२०१३ सालच्या एका प्रयोगात एका जागी प्रवाह दिल्यावर नवी अंकचिन्हे शिकणे सुधारले, पण शिकलेले सहज वापरणे बिघडले. दुसऱ्या जागी नेमके उलटे झाले. तेव्हा कोणती बुद्धी गमावायची, हे आधीच ठरवून ठेवावे. वीस मिनिटे झाली की पट्टा सोडून आरशात पाहावे. कपाळावर स्पंजाच्या आकाराचा लाल चौकोन उमटलेला असेल. त्याची नोंद पट्टीने मोजून, मिलिमीटरमध्ये, त्या राखून ठेवलेल्या पानावर करावी.