सात महिन्यांत पोरगा गेटाबाहेर, आणि वर म्हणे माणसं मिळत नाहीत

परवाच्या मीटिंगमध्ये एचआरच्या साहेबांनी पुन्हा तेच ऐकवलं. मार्केटमध्ये स्किल्ड माणूसच राहिला नाही, हल्लीच्या पोरांना अंगमेहनत नको, टिकतच नाहीत. टेबलाभोवती सगळे माना डोलावत होते आणि माझं डोकं सणकत होतं. त्याच आठवड्यात माझ्या असेंब्ली लाइनवरची तीन तयार पोरं ह्याच ऑफिसच्या एका मेलवर घरी गेली होती. ती सोडून गेली नव्हती. सात महिने भरत आले म्हणून काढली होती.

पुण्याजवळच्या चाकणला, महाळुंग्याला, खराबवाडीला कॉट बेसिसच्या कुठल्याही खोलीत जाऊन विचारा, 'सात महिन्यांचा जॉब' काय असतो ते पोरं सांगतील. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांत, लिहिलंय, की बारा महिन्यांत २४० दिवस सलग काम केलेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला कायम करायचं. २४० दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. कामगाराला आधार मिळावा म्हणून कुणीतरी नियम केला आणि त्या नियमाच्या अलीकडे रेघ मारून कंपन्यांनी अख्ख्या पिढीचं कॅलेंडर ठरवून टाकलं. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तर कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे असं स्वच्छ लिहिलंय. त्यावरचा ह्यांचा उपाय काय, तर वर्षानुवर्षं ठेवायचंच नाही. पोरगा बदलायचा. नाहीतर पोरगा तोच ठेवायचा आणि कॉन्ट्रॅक्टर बदलायचा. मशीन तेच, शिफ्ट तीच, फक्त गेटपासवर नवं नाव आणि सर्व्हिस पुन्हा शून्यापासून.

हे मेल पाठवणारी माणसं कधी लाइनवर येऊन उभी राहिली आहेत का? एक साधा एम-८ चा बोल्ट घ्या. आधी हातानं दोन-तीन आटे बसवायचे, मग बोल्ट आवळायची गन लावायची. नवा पोरगा घाईत थेट गन लावतो. बोल्ट तिरका घुसतो, आटे चावतात, आणि तरीही गनचा हिरवा दिवा लागतो, कारण आमच्या गनला फक्त टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कळतो आणि टॉर्क तर भरलेला असतो. पार्ट दिसायला ओके. तो बोल्ट पुढं गाडीत सैल होणार हे मशीनला समजत नाही. ते समजतं तीन-चार महिने त्याच स्टेशनवर उभ्या राहिलेल्या पोराच्या बोटांना. पहिल्या आट्यालाच तो हात थांबवतो, बोल्ट उलटा फिरवतो, पुन्हा लावतो. ह्याला म्हणतात स्किल. ते आयटीआयच्या सर्टिफिकेटवर नसतं आणि दोन दिवसांच्या इंडक्शनमध्ये येत नाही. परभणीहून आलेल्या माझ्या एका पोराला हे इतकं जमलं होतं, की शेजारच्या स्टेशनवरचा आवाज ऐकून तो सांगायचा, "सर, तो बोल्ट बघा, बसला नाही." त्याला गेल्या शनिवारी बूट, आयकार्ड आणि लॉकरची किल्ली जमा करायला लावली. सोमवारी त्याच्या जागी नवा पोरगा आला आणि दुसऱ्याच दिवशी एक अख्खी ट्रॉली रीवर्कला गेली.

मग कस्टमरकडून फोन येतो. आपली माणसं त्यांच्या दारात पाठवून स्टॉकचं सॉर्टिंग करा, खराब पार्ट वेगळे काढा. त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून वसुली, वेगळी. रिजेक्शन का वाढलं म्हणून माझ्याकडून उत्तर लिहून घेतात, 'व्हाय-व्हाय' करायला लावतात, म्हणजे पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायचं. पाचही 'का'ची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. शेवटचं उत्तर आहे, काम येणारा माणूस काढला म्हणून. ते कागदावर लिहू देत नाहीत. लिहायचं 'ऑपरेटर अवेअरनेस कमी'. पोराच्या नावावर खापर फुटतं आणि ज्यानं मेल पाठवला त्याचा कॉस्ट रिडक्शनचा आकडा हिरवा राहतो.

मालकांवर दबाव नाही असं मी म्हणत नाही. आमच्यासारख्या पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरला मोठा कस्टमर दरवर्षी भाव कमी करून मागतो. स्टील चढलं तरी भाव लगेच वाढवून मिळत नाही. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ पासून कायदा आहे, तरी बिलं लटकतातच. वीज, व्याज, भाडं, सगळं वाढतं. मान्य. पण स्टीलवाल्याशी भांडता येत नाही, बँकेशी येत नाही, कस्टमरपुढं तोंड उघडता येत नाही, मग हात फक्त एकाच जागी पोचतो. ज्याची बाजू घ्यायला कुणी नाही त्या पोरापाशी. २०१९ च्या वाहनांच्या मंदीत आधी हीच पोरं गेली. २०२० च्या लॉकडाउनमध्येही हीच. ऑर्डर परत आल्या तेव्हा ह्यांनाच फोन गेले, या, अर्जंट आहे, डबल शिफ्ट करा. माणसानं आयुष्य असं नळ चालू-बंद केल्यासारखं जगायचं का?

ही एखाद-दुसऱ्या कंपनीची गोष्ट नाही. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीचे आकडे बघा. संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण ह्या शतकाच्या सुरुवातीला साधारण २० टक्के होतं, आता ते ४० टक्क्यांच्या वर गेलंय. आणि हे झाडलोट, कँटीन, सिक्युरिटीपुरतं राहिलेलं नाही. हा माणूस मेन लाइनवर उभा आहे. बाजूच्या परमनंट माणसाचंच काम करतो, पगार निम्म्याहून कमी, आणि कंपनीच्या बसमध्ये मात्र परमनंटची सीट रिकामी असेल तरच बसायचं. ह्या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते. ह्यातून एक रुपया तरी वाचतो का?

कॉन्ट्रॅक्ट महाग वाटायला लागलं तेव्हा ट्रेनी आले. 'नीम' नावाची योजना होती, शिकवण्याच्या नावाखाली पोरं आली आणि सरळ प्रॉडक्शनला लागली. ती बंद झाली तर अ‍ॅप्रेंटिस आहेतच. १९६१ च्या कायद्यानं अ‍ॅप्रेंटिस हा कामगारच नाही, तो शिकाऊ. त्याला नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही, आणि स्टायपेंडमधला २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. २०२४ पासून राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआय-डिप्लोमावाल्याला महिना ८,००० रुपये विद्यावेतन, तेही सरकारच्या तिजोरीतून, आधी सहा महिने आणि मग वाढवून अकरा महिने. शिकवणं चांगलंच आहे हो! मी स्वतः रोज तेच करतो. पण शिकून झाल्यावर जागा कुठं आहे? शिकलेल्याला घरी पाठवून न शिकलेल्याला आणायचं, ह्याला प्रशिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षातच ग्रॅच्युइटी, परमनंटइतकेच लाभ. वाचून बरं वाटलं. पण ज्याला सातव्या महिन्यातच काढतात त्याचं वर्ष कधी भरणार? मुख्य कामात कंत्राटी कामगार नको, असंही त्यात आहे, आणि लगेच पुढं अपवाद आहेत. काम अचानक वाढलं तर चालेल, ते काम एरवीही कंत्राटदाराकडूनच होत असेल तर चालेल. एवढी फट पुरते. कामगार कपातीला सरकारची परवानगी आता १०० नाही तर ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच लागते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तास काम आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. ज्याला पुढच्या महिन्यात काम असेल की नाही माहीत नाही, तो बारा तासांना नाही म्हणू शकेल का? संमती लागेल म्हणे. ब्रेकच्या तोंडावर आलेल्या पोराची संमती कशी घेतात हे मी रोज बघतो.

पोरं टिकत नाहीत, ही तक्रार तर अजिबात ऐकून घ्यायची नाही. हातात पंधरा-सोळा हजार, त्यातून कॉट, मेस, गावाकडं थोडे पैसे, आणि मुदत आधीच ठरलेली. अशा ठिकाणी कुणी जीव का लावावा? तुम्ही त्याला सात महिन्यांचा धरता, तो तुम्हाला हजार रुपये जास्त मिळेपर्यंत धरतो. दोष पोराचा नाही. लग्नाच्या बोलणीत 'परमनंट आहे का' हा पहिला प्रश्न असतो आणि तिशीला आलेली पोरं त्या प्रश्नाला खाली मान घालून बसतात. माझ्या लाइनवरच्या कितीतरी जणांनी मला विचारलंय, "सर, तुमच्या ओळखीनं कुठं होईल का?" ज्याच्या हाताला एवढं काम येतं त्याला ओळख का लागावी?

माझं म्हणणं फार मोठं नाही. पन्नास जागांवर वर्षभर, तीनही शिफ्टला माणूस उभा लागतोच, मग त्या पन्नास जागा कायमच्या आहेत. ऑर्डर कमी-जास्त होते त्या वरच्या दहा-पंधरा जागांसाठी टेम्पररी घ्या, कोण नको म्हणतंय? रिजेक्शन, रीवर्क, सॉर्टिंग, डेबिट नोट आणि कॉन्ट्रॅक्टरचं कमिशन एका कागदावर एकत्र लिहा आणि मग परमनंट माणूस महाग पडतो हे मला दाखवा. मी हे लेखी दिलंय. 'नोटेड' एवढंच उत्तर आलं.

आणि पोरांनो, एक सांगतो. पगाराची स्लिप दर महिन्याला मागा आणि जपून ठेवा. पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाइलवर बघा, कापलेले पैसे भरलेत का ते तिथं कळतं. जुन्या कॉन्ट्रॅक्टरनं एक्झिटची तारीख टाकली का तेही बघा, नाहीतर पुढं पैसे काढताना हेलपाटे घालावे लागतात. प्रत्येक गेटपासचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर सही मागितली तर करू नका. माझ्या लाइनवर ह्यावरून कुणी दम दिला तर मला येऊन सांगा.