‘फार तर दोन हजारांचं चालान’? मग हा हिशेब पाहा

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतो आहे: ‘कारचा विमा संपला तरी ९० दिवस सूट असते. पकडलं तर फार तर २,००० चं चालान. अपघात झालाच तर त्याच दिवशी ऑनलाइन पॉलिसी काढा. गाडी विकली असेल तर घेणारा बघेल.’ यातलं एक वाक्य अर्धं खरं, बाकी सगळी खोटी.

९० दिवस असतात ते नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) टिकवायला. थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठीचा, सक्तीचा) पॉलिसीवरच्या तारखेला मध्यरात्री संपतो. सकाळी गाडी वर्धा रोडवर काढली की मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ चा भंग झालाच.

चालानाचं अर्धसत्य असं: कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. चालवणारा आणि चालवू देणारा, दोघंही दोषी. भाच्याला किल्ली देताना एवढं ध्यानात असू द्या.

पण खरा फटका अपघातानंतर. समजा, इतवारीतला महिना १५,००० कमावणारा तीस वर्षांचा दुकानदार तुमच्या चुकीने गेला. मागे बायको आणि दोन मुलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची भरपाई काढायची रीत ठरलेली आहे. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००, वर्षाचे २,५२,०००, स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा, उरले १,६८,०००, वय ३० म्हणून गुणक (वार्षिक रकमेला ज्याने गुणतात तो आकडा) १७. झाले २८,५६,०००, वर व्याज आणि इतर रकमा. विमा नाही म्हणजे हे सगळं मालक-चालकाच्या खिशातून. दिले नाहीत तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करतात. जप्त गाडीही सहज सुटत नाही: पुरेसं तारण दिलं नाही, तर २०२२ च्या नियमांनुसार तीन महिन्यांनी लिलाव, आणि पैसे न्यायाधिकरणात जमा.

त्याच दिवशी पॉलिसी काढायची युक्ती? पॉलिसीवर सुरू होण्याची वेळही छापलेली असते, आणि आधीच्या अपघाताला ती लागू होत नाही.

विकलेल्या गाडीचं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. म्हणून विक्रीनंतर १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) द्या, आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर नवं नाव दिसेपर्यंत विमा संपू देऊ नका.