‘आज वाण्याला द्या, नाहीतर उद्या डॉक्टरला’: या मेसेजचं काय करायचं?

मेसेज बहुतेकांकडे येऊन गेला असेल. ‘आज वाण्याला पैसे द्या, नाहीतर उद्या डॉक्टरला द्यावे लागतील. मोबाइलला पैसे आहेत, मग खाण्यातच काटकसर का? स्वस्त माल घरात आणूच नका, ऑरगॅनिकच घ्या.’ घरखर्चात सकस खाण्याचा नंबर वर हवा, हे मलाही मान्य आहे. बाकीच्याबद्दल मात्र बोलायला हवं.

‘स्वस्त म्हणजे निकृष्ट.’ हाच दावा सगळ्यात महागात पडतो. सुक्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ती सुट्या डाळीतही तेवढीच असतात. आता ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचा पुडा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. बऱ्याचदा पहिला मैदा, मग साखर, तेल. आणि ज्यांच्या नावावर आपण जादा पैसे मोजले ती धान्यं पार खाली. गुलाबी मीठ हेही मीठच. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली मर्यादा त्याला चुकत नाही. राहिलं ऑरगॅनिक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कीटकनाशकांचे अंश कमी आढळण्याची शक्यता दिसली, पण पोषण जास्त असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. परवडत असेल तर खुशाल घ्या. त्यापायी भाजीच निम्मी येणार असेल, तर कशाला?

‘मोबाइलला पैसे आहेत.’ हा टोमणा मला खटकतो. उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला खाण्यावरचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्येच दाखवलं होतं. अडचण वेगळीच आहे. भाडं, हप्ता, फी यांच्या तारखा ठरलेल्या; चुकल्या की दंड. डाळ कमी आणली म्हणून कुणी नोटीस पाठवत नाही. त्यामुळे महिनाअखेरीला कात्री तिथेच लागते, आणि तीही फळं, अंडी, भाजी यांवर, चहा-बिस्किटं शाबूत! म्हणून पगार हातात आला की भाड्यासोबतच धान्य, डाळी, तेल आणि भाजीचे पैसे वेगळे काढावेत. रक्कम तीच राहिली तरी चालेल.

‘नाहीतर डॉक्टरला.’ चांगल्या आहाराने मधुमेह, हृदयविकार यांचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. चालू गोळ्यांचे पैसे ‘सुपरफूड’कडे वळवू नका, एवढंच.

मेसेजमध्ये नासाडीचा शब्दही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हौसेने आणलेली पालेभाजी फ्रिजच्या खालच्या खणात काळी पडते, ती यातच मोजायची. पालेभाजी दोन दिवसांत संपेल एवढीच आणावी. पुढच्या दिवसांना कोबी, गाजर, भोपळा आहेतच.